निर्मळ गाळणीचे रहस्य
अर्थात कॅलिचीच्या मैदानावरील एक सकाळ

सुज्ञ वाचकांच्या सेवेशी प्रारंभीच नम्रपणे निवेदन करणे भाग आहे की, प्रस्तुत कथेत रक्ताचा सडा नाही, बुरखाधारी इसम नाही आणि गुप्त भुयारही नाही. आहे तो एक चामड्याचा तुकडा, एक पेट्रोलचे पिंप आणि अकरा स्त्रिया. ज्या मुलखात या लेखकाच्या आयुष्याची बावीस वर्षे विमानांच्या तेलवंगणात गेली, त्याच मुलखात हे कथानक घडते. सूर्य माथ्यावर येण्याच्या आत एका स्त्रीने सत्य कसे शोधले आणि ते कोणाच्या तोंडावर कसे सांगितले, हे पुढील पाच प्रकरणांत यथामति कथन केले जाईल. वाचकांनी प्रत्येकाच्या बोलण्याकडे बारीक कान द्यावा. कारण अपराधी बोलणाऱ्यांतच आहे.

प्रकरण पहिले : तीनशे फुटांवरील शांतता

सन १९३१ च्या ऑगस्ट महिन्यात, शर्यतीच्या पाचव्या दिवशी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नेटी लिंडक्विस्ट हिचे पिवळे विमान पश्चिम टेक्सासमधील कॅलिचीच्या मैदानावरून उडाले आणि तीनशे फूट उंचीवर मुके झाले.

कॅलिफोर्नियापासून ओहायोपर्यंत नऊ दिवसांची ही केवळ स्त्रियांची विमानशर्यत होती. जी आघाडीवर असेल तिने सकाळी प्रथम उडावे, असा रिवाज होता. आघाडीवर होती वीस वर्षांची नेटी, नेब्रास्कातील एका शेतकऱ्याची मुलगी. उरलेल्या दहाजणी आपापल्या विमानाशेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

रांगेच्या शेवटी बर्निस ट्रुएट उभी होती. वय एक्केचाळीस. पूर्वी कॅन्ससच्या एका खेड्यात शाळामास्तरीण, पुढे कापसाच्या शेतांवर औषध फवारणारी वैमानिक. तिचे दुपंखी विमान महायुद्धाच्या काळातले, चौदा वर्षांचे. सगळ्याजणी त्याला ‘म्हातारी’ म्हणत, आणि बर्निस ते नाव विमानाकरिता आहे की स्वतःकरिता, याची चौकशी करीत नसे.

इंजिन थांबताच बर्निसने श्वास रोखला. अशा वेळी घाबरलेला वैमानिक मैदानाकडे मागे वळतो आणि वळता वळता मरतो. नेटी वळली नाही. तिने नाक खाली केले, सरळ पुढे गेली आणि काटेरी झुडपांत विमान उतरविले. चाके अडकली, विमान उताणे झाले.

सर्वांच्या आधी तेथे पोहोचले ते शर्यतीचे चिटणीस एझ्रा विटकॉम्ब. साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे हे गृहस्थ एके काळी टपालाची विमाने चालवीत. मुली त्यांना ‘पॉप’ म्हणत. रोज सकाळी ओल्या टॉवेलांची बादली घेऊन ते रांगेतून फिरत आणि प्रत्येकीच्या हाती तोंड पुसायला टॉवेल देत. नेटीला त्यांनीच ओढून बाहेर काढले. 

“जगली,” पॉप म्हणाले. “देवाची कृपा, जगली पोरगी.”

गळ्याजवळचे हाड मोडले होते, दोन बरगड्या दुखावल्या होत्या. गावचे डॉक्टर ऑडम तिला आपल्या घरी घेऊन गेले. आणि तेवढ्यात ज्यांची कोणीच वाट पाहत नव्हते ते जड्सन स्कॉगिन्स मोटारीतून उतरले. तेलविहिरींचे मालक, गावातील शर्यत-समितीचे अध्यक्ष आणि आदल्या दिवशीच्या मेजवानीत तळलेल्या कोंबडीबरोबर पाऊण तासाचे भाषण वाढणारे गृहस्थ.

“कालच म्हणालो होतो मी,” स्कॉगिन्स म्हणाले. “बाईमाणसाची जागा कुठं असते ते.”

“हो ना,” लॉरेन टिस्डेल सिगारेट पेटवीत म्हणाली. ती शर्यतीत दुसरी होती. “कोंबडी थंड झाली, तरी तुम्ही म्हणतच होता.”

स्कॉगिन्स यांनी छापील अहवालाचा कागद काढला. अपघाताचे कारण लिहिण्याच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिले : ‘वैमानिकाचे घाबरणे.’ नंतर ते म्हणाले, “बारा वाजता समिती बसेल. मी, विटकॉम्ब आणि डॉक्टर. शर्यत इथंच संपवायची, असा ठराव मी मांडणार. पोरीचं लायसनही रद्द करायला परत पाठवू.”

सर्वांना कळत होते की, या कारणासाठी एकदा शर्यत बंद पडली, तर पुन्हा कोणतेही गाव स्त्रियांना आपले मैदान देणार नाही.

“बारापर्यंत वेळ आहे ना?” बर्निसने विचारले.

“आहे. बारापर्यंत काय करणार, बाई? रडणार?”

“नाही,” बर्निस म्हणाली. “जरा बघून येते.”

प्रकरण दुसरे : जे चामड्यावर आले नाही

मोडलेल्या विमानाची टाकी फाटली होती. त्यातील पेट्रोल वाळूने केव्हाच पिऊन टाकले होते. मागे फक्त वास उरला होता. टाकीत काय होते, हे सांगणारा साक्षीदार अशा रीतीने नाहीसा झालेला पाहून बर्निसचे मन खिन्न झाले.

तिने बैठकीखालचा कप्पा उघडला. आत नेटीचे गाळणीचे चामडे होते.

या चामड्याविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. पिंपातील पेट्रोलात पाणी असते, आणि पाणी इंजिनात गेले की इंजिन बंद. म्हणून प्रत्येक वैमानिक नरसाळ्यावर मऊ चामडे ताणून बांधतो. पेट्रोल त्यातून खाली उतरते आणि पाणी वर अडून राहते. या चामड्यावर सर्वांचा एवढा भरवसा, की ज्याने चामड्यातून पेट्रोल गाळले तो पुन्हा टाकीची खालची तोटी उघडून पाहत नाही.

नेटीचे चामडे बर्निसने हातात घेतले आणि ती चकित झाली. ते पापडासारखे ताठ झाले होते. कडेने पांढरी बारीक पूड दिसत होती. तिने आपल्या खिशातले चामडे काढले. त्याच सकाळी, त्याच पिंपावर वापरलेले. ते वासराच्या कानासारखे मऊ होते.

दोन्ही खिशांत दोन चामडी घालून ती पिंपाकडे गेली. पंपवाला हॉयट बीझली तंबाखू चघळीत पिंपावर बसला होता.

“माझ्या नावानं बोंब मारायला आलात ना?” तो म्हणाला. “मारा. सगळ्यांनी मारून झालीय.”

“पिंपात पाणी होतं, हॉयट.”

“होतं की. अर्धं पिंप महिनाभर उन्हात. आतून घाम येतोच त्याला. काल तुम्ही उतरलात तेव्हाच दोघीतिघींच्या चामड्यावर आलं, सगळ्यांनी बघितलं. पॉपही म्हणाले, हॉयट, पिंप बदल. मी म्हटलं, दुसरं येईल उद्या रेल्वेनं. आणि बाई, पाणी आहे म्हणून तर चामडं असतं.”

“आज सकाळी किती आलं?”

“तुमच्यावर अर्धा कप. टिस्डेलबाईंवर थोडं जास्त. त्यांनी ते माझ्या बुटांवर झटकलं. सगळ्यांवर आलं.”

“नेटीच्या?”

हॉयट चघळायचा थांबला. “नाही आलं. एक थेंब नाही. मीच म्हटलं तिला, पोरी, पिंपसुद्धा तुझ्यावर खूश आहे.”

“एकाच पिंपातून, एकाच पंपानं?”

“लागोपाठ. तिच्या आधी चार, नंतर सहा. पण एक सांगू? तिच्या वेळी हात मोडले माझे. पेट्रोल खाली उतरेचना. नरसाळं तुंबायचं, थांबायचं, परत मारायचं. वाटलं, पंपाचा वायसर गेला. पुढच्या विमानाला बघतो, तर पंप चांगला.”

बर्निसने मनाशी हिशेब केला. दहा चामड्यांवर पाणी अडले आणि ती दहा विमाने धडधाकट उभी होती. अकरावे चामडे निर्मळ निघाले, आणि तेच विमान पडले होते.

“हॉयट,” ती हलकेच म्हणाली, “तिच्या वाटचं पाणी गेलं कुठं?”

हॉयटने तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. त्यालाही आता ते कळले होते.

प्रकरण तिसरे : नरसाळे धरणारी

पाणी चामड्यातून खाली गेले होते. पण चामडे तर पाणी अडविते. फाटलेले असते तर प्रश्न नव्हता. बर्निसने ते उन्हात धरून पाहिले; सुईच्या टोकाएवढेही छिद्र नव्हते.

मैदानावर मात्र लोकांनी आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. नेटीच्या वेळी नरसाळे कोणी धरले होते? लॉरेन टिस्डेलने. नेटी पडल्यावर आघाडीवर कोण येणार? लॉरेन टिस्डेल. अकरा मिनिटांचे अंतर, श्रीमंत बापाची लेक, कोऱ्या करकरीत विमानाची मालकीण. एवढे पुरावे असल्यावर फाशीस काय उशीर?

लॉरेन पंखाच्या सावलीत पाय पसरून बसली होती.

“ये, बस,” ती म्हणाली. “हातकड्या आणल्यास का?”

“नरसाळं तू का धरलंस?”

“तिच्याकडे माणूस नाही म्हणून. माझ्याकडे मेकॅनिक आहे, तिच्याकडे तिचे दोन हात. ती पंखावर चढून नळी धरणार, मग नरसाळं कोण धरणार? तिचा बैल?”

“लोक म्हणतात—”

“लोकांचं मला सांगू नकोस. मला तिला हरवायचंय, बर्निस. रोज उठल्यापासून तेच डोक्यात असतं. काल तिनं वळणावर माझी चार मिनिटं खाल्ली, रात्री जेवण गेलं नाही मला. ती जमिनीवर पडून मी पहिली आले, तर ते पहिलं येणं मी घेऊन करू काय?” लॉरेनने सिगारेट वाळूत चिरडली. “आणि मी असं काही केलं असतं, तर स्वतःच्या हातानं नरसाळं धरायला मी काय मूर्ख आहे?”

बर्निसला हे पटले. राग खोटा आणता येतो; परंतु आपल्या प्रतिस्पर्ध्याविषयीचा असा आदर खोटा आणता येत नाही.

“पेट्रोल कसं उतरत होतं?”

“उतरतच नव्हतं. तळं साचल्यासारखं. मला वाटलं, चामडं नवीन असेल.”

“हाताला ओलं लागलं का?”

“हातमोजे, बाई. नाश्त्याच्या आधी मी कशालाही उघड्या हातानं शिवत नाही. आणि हात लावायला काही नव्हतंच. चामडं आधीच बांधलेलं होतं. नरसाळं तयारच आलं माझ्याकडे.”

“नेटीनं बांधलं?”

“तिनंच बांधलं असणार, दुसरं कोण?”

बर्निस उठली. साडेनऊ वाजून गेले होते. तिने लॉरेनकडे तिचे चामडे मागितले.

“कशाला?”

“तपासायला नको, वापरायला हवंय.”

लॉरेनने ते दिले आणि डोळे बारीक करून म्हणाली, “हे बघ. शर्यत बंद केली तरी मी उडणार. ओहायोला एकटी उतरेन, पण उतरेन. तुझं काय?”

“माझी म्हातारी सावकाश येईल,” बर्निस म्हणाली. “पण येईल.”

प्रकरण चौथे : डॉक्टरांच्या घरी

नेटी डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत उशांना टेकून बसली होती. खांदा पट्ट्यांनी बांधलेला, ओठ सुजलेला. बर्निसला पाहताच तिने पहिला शब्द उच्चारला तो असा :

“मी घाबरले नव्हते.”

“मी बघितलं. तू मागं वळली नाहीस.”

“तेच सांगा त्यांना. तो स्कॉगिन्स इथं आला होता, कपाळावर हात ठेवून म्हणाला, ‘बाळ, आता घरी जा.’ माझा उजवा हात बांधलेला होता म्हणून तो वाचला.” नेटीच्या डोळ्यांत पाणी होते, परंतु ते तिने खाली पडू दिले नाही. “इंजिन दोनदा खोकलं आणि गेलं. मी पेट्रोलचा कॉक बघितला, ठिणगी देणारा मॅग्नेटो बघितला. सगळं जागच्या जागी. मग पुढं झुडपं दिसली, तिकडंच नेलं. मागं वळायला उंची नव्हती.”

“बरोबर केलंस. आता मला सकाळचं सांग. उठल्यापासून.”

“हॉटेलात उठले. तीच कोंबडी, आता सँडविचात घातलेली. मैदानावर आले. काल संध्याकाळी चामडं पंखावर वाळत टाकलं होतं आणि मेजवानीच्या घाईत विसरले, ते आठवून धावत पंखाकडे गेले. इथले लोक गाडीच्या काचा पुसायला पळवतात ना. पण पॉपनं ते उचलून ठेवलेलं होतं. ओरडले माझ्यावर. मग लॉरेन चामडं बांधलेलं नरसाळं घेऊन आली, हॉयट आला, भरलं, निघाले.”

“चामड्यावर पाणी?”

“अजिबात नाही. मला बरं वाटलं.” ती थांबली. “बर्निस, माझं काही चुकलं का? खरं सांगा. चुकलं असेल तर मी ऐकून घेईन. पण ‘घाबरली’ हे नाही ऐकून घेणार.”

“तुझं एकच चुकलं, आणि तीच चूक मीही रोज करते. चामड्यावर विश्वास ठेवला, तोटी उघडली नाही.”

दारातच डॉक्टर ऑडम भेटले. मितभाषी गृहस्थ. ते म्हणाले, “माझं एक मत आहे, मिसेस ट्रुएट. स्कॉगिन्सचं एक. विटकॉम्बचं एक. विटकॉम्ब तुमच्याच बाजूचा असेल, असं मी धरून चाललोय.”

“आम्हीही,” बर्निस म्हणाली.

मैदानावर परत येईपर्यंत अकरा वाजत आले होते. ऊन असे पेटले होते की, विमानांच्या पंखांना हात लावता येईना. तोंडावरची धूळ पुसावी म्हणून बर्निसने म्हातारीच्या दोन पंखांमधल्या तारेवर सकाळी अडकविलेला टॉवेल ओढला.

टॉवेल ताठ झाला होता. घडी उलगडताना तो कडकड वाजला. आणि त्याच्या कडेला बारीक पांढरी पूड होती.

कॅलिचीच्या विहिरीचे पाणी असेच. हॉटेलच्या पेल्यांवरही तोच पांढरा थर बसलेला असे. परंतु मैदानावर विहीर नव्हती, नळ नव्हता. पिंपातले पाणी म्हणावे, तर ते पिंपाच्या घामाचे, क्षार नसलेले. त्याने पूड धरत नाही. तिचे स्वतःचे चामडे त्या पाण्याने भिजूनही मऊच राहिले होते, कारण त्याने आधी पेट्रोल प्यायले होते.

बर्निसने नेटीचे चामडे काढून टॉवेलाशेजारी धरले.

मागून कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“दमलीस, पोरी,” पॉप विटकॉम्ब म्हणाले. “थांब, तुला ताजा टॉवेल देतो.”

प्रकरण पाचवे : बारा वाजण्यास वीस मिनिटे

बर्निसच्या विनंतीवरून ठरल्या वेळेआधीच पंपाजवळच्या टेबलाशी तीन सभासद बसले : मध्ये स्कॉगिन्स, एका बाजूस डॉक्टर, दुसऱ्या बाजूस पॉप. समोर दहा वैमानिक स्त्रिया. बर्निसने टेबलावर हॉटेलातून आणलेल्या लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या ठेवल्या.

“हे काय? स्वयंपाक?” स्कॉगिन्स म्हणाले.

“तुम्हाला आवडेल असंच,” बर्निस म्हणाली. “हॉयट, पिंप वाकडं कर. तळाचं काढ.”

तिने स्वतःचे चामडे पेट्रोलात बुडवून एका नरसाळ्यावर बांधले. लॉरेनचे चामडे धुऊन वाळविले होते. ते तिने पॉपच्या बादलीत बुडविले, पिळले आणि दुसऱ्या नरसाळ्यावर बांधले. हॉयटने दोन्हींवर सारखेच पेट्रोल ओतले.

पहिल्या नरसाळ्यातून लालसर पेट्रोल भराभर उतरले आणि चामड्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उरले. दुसऱ्या नरसाळ्यात मात्र पेट्रोल तुंबले. मग थेंब थेंब उतरू लागले. हॉयटने वरून ओतत राहून जोर लावला, तेव्हा ते उतरले. चामडे वरून निर्मळ दिसत होते. परंतु दुसऱ्या बरणीच्या तळाशी, लाल पेट्रोलाखाली, दोन बोटे स्वच्छ पाणी साचले होते.

“जे चामडं आधी पेट्रोल पितं, ते पाणी अडवतं,” बर्निस म्हणाली. “जे आधी पाणी पितं, ते पाण्यालाच वाट देतं. नेटीचं चामडं आधी पाण्यात बुडवलेलं होतं. म्हणून पेट्रोल तुंबलं. म्हणून तिच्या चामड्यावर थेंब आला नाही. विमानानं नाक वर केलं, आणि तळाचं पाणी नळीत गेलं.”

डॉक्टर पुढे वाकून बरणीकडे पाहत राहिले. स्कॉगिन्स यांचा आवाज बदलला. “कुणी बुडवलं?”

“नेटीच्या चामड्यावर विहिरीच्या पाण्याची पूड आहे, आणि मैदानावर सकाळी सहा वाजता ते पाणी एकाच ठिकाणी होतं.”

सर्वांच्या नजरा बादलीकडे गेल्या आणि तेथून वर सरकल्या. पॉपचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले :

“अरे देवा. चामडं मी टॉवेलांबरोबरच ठेवलं होतं, कुणी नेऊ नये म्हणून. ओल लागली असेल. म्हातारा माणूस मी... लक्षातच आलं नाही. पोरींनो, मला माफ करा.”

दोघीतिघी त्यांच्याकडे धावल्या. एकीने त्यांचा हात धरला. बर्निसलाही वाटले, येथेच थांबावे. या माणसाने प्रत्येकीचा वाढदिवस लक्षात ठेवला होता. परंतु रकान्यात पेन्सिलीने लिहिलेले ते दोन शब्द अजून तेथेच होते.

तिने खिशातून शर्यतीची नियमपुस्तिका काढली. प्रत्येकीपाशी ती असे.

“नियम एकोणिसावा,” तिने वाचले. “‘गाळणीच्या चामड्यास पाण्याचा स्पर्श झाल्यास ते त्या दिवशी वापरू नये, व वापरू देऊ नये.’ खाली नाव आहे. नियमांची रचना, एझ्रा विटकॉम्ब.”

हात धरणाऱ्या मुलीने हात सोडला.

“पिंपात पाणी आहे, हे काल तुम्हीच हॉयटला सांगितलंत,” बर्निस पुढे म्हणाली. “आणि चामडं नुसतं दिलं असतंत, तर नेटीच्या हाताला ओल कळली असती. म्हणून ते तुम्ही आधीच नरसाळ्यावर बांधून ठेवलंत.”

“म्हणजे त्यांनीच आणून दिलं,” लॉरेन सावकाश म्हणाली. “मी वळले तेव्हा नरसाळं माझ्या विमानाच्या पायरीवर होतं, आणि पॉप बादली घेऊन पुढं चालले होते. मला वाटलं, नेटीनं ठेवलं असेल.”

 पॉपनी कोटावरचा चिटणिसाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“मला वाटलं होतं, जमिनीवरच बंद पडेल,” ते म्हणाले. “इंजिन तापवतानाच. थोडी नाचक्की होईल, स्कॉगिन्सला निमित्त मिळेल, शर्यत थांबेल. मी टपालाच्या दिवसांपासून बघतोय. मेलेल्या लोकांना मी गोधडीत गुंडाळून आणलंय. गेल्या वर्षीच्या शर्यतीत तुमच्यासारख्या दोघींना तसंच आणलं. एकीच्या आईला पत्र मी लिहिलं. परत लिहायची ताकद नाही माझ्यात. मोठं काही घडण्याआधी लहानसं काही करावं, एवढंच... तुमच्या भल्यासाठी.”



“पॉप,” बर्निस म्हणाली, “पुरुषांच्या शर्यतींत किती शवपेट्या उचलल्यात तुम्ही?”

“सात.”

“त्यांच्यापैकी कुणाचं चामडं कधी भिजवलंत?”

“कुणाचंच नाही,” पॉप म्हणाले.

“त्यांना तुम्ही मरू दिलंत, कारण ते त्यांचं काम होतं,” ती म्हणाली. तिचा स्वर चढला नव्हता. वर्गात गणित समजावून सांगताना असावा तसाच होता. “आमचंही कामच आहे हे. आम्ही मेलो तर आमच्या हातानं मरू. तुमच्या मायेनं नाही मरायचं आम्हाला.”

डॉक्टर ऑडम यांनी घसा साफ केला. “माझं मत, शर्यत चालू.”

“मला मत नाही,” पॉप पुटपुटले.

आता सर्व स्कॉगिन्स यांच्याकडे पाहू लागले. एकास एक मते पडली, तर निर्णय अध्यक्षांच्याच हाती होता.

“मत देण्याआधी एक ऐका,” बर्निस म्हणाली. “ते काहीही पडलं, तरी बारा वाजता आम्ही दहाजणी निघणार आहोत. मैदान तुमचं आहे, आकाश नाही. फक्त तो रकाना पुसल्याशिवाय मी हलणार नाही.”

पलीकडे कोणाचे तरी इंजिन सुरू झाले. लॉरेनचा मेकॅनिक पंखा फिरवून बाजूला झाला होता. पाठोपाठ दुसरे, तिसरे. धुळीचे लोट टेबलावर येऊ लागले. स्कॉगिन्स यांनी टोपी धरली, कागद धरला, आणि पेन्सिल काढली. त्यांचा जबडा घट्ट आवळला होता. बायकांचे उडणे त्यांना पसंत नव्हते. परंतु कपटाचा डाव त्यांना त्याहून नापसंत असावा. त्यांनी ते दोन शब्द खोडले. त्यावर लिहिले : ‘पेट्रोलात पाणी. चामडे दुसऱ्याने भिजविले. वैमानिकाने विमान योग्य रीतीने उतरविले.’ खाली सही केली. शर्यत संपविण्याचा ठराव त्यांनी पुन्हा काढला नाही.

“मला अजूनही वाटतं, बायकांनी हे करू नये,” ते इंजिनांच्या आवाजावरून ओरडले.

“वाटू द्या,” जाता जाता लॉरेन म्हणाली.

कागद डॉक्टरांच्या हाती देऊन बर्निस म्हणाली, “हा नेटीला दाखवा. आधी शेवटची ओळ.” मग ती आपल्या विमानाकडे चालू लागली. या वेळी उडण्यापूर्वी प्रत्येकीने खाली वाकून टाकीची तोटी उघडली, ओंजळीत पेट्रोल घेऊन उन्हात पाहिले आणि ते जमिनीवर टाकले.

स्कॉगिन्स तिच्या मागोमाग म्हातारीपर्यंत आले होते. नऊ विमाने एकामागून एक धावत सुटली आणि पूर्वेकडे लहान होत गेली.

“बाई,” ते म्हणाले, “आणि उद्या तुम्हीच पडलात तर?”

बर्निसने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती बैठकीत उतरली.

“तर कारण नीट शोधा,” ती म्हणाली, आणि तिने हॉयटला पंखा फिरविण्याची खूण केली.

येथे हे कथानक पूर्ण झाले. लिहिताना जे उणे राहिले ते लेखकाच्या अल्प शिक्षणाचे, आणि जे वाचकांस भावले ते त्या धाडसी स्त्रियांचे, असे समजावे. आपला अमूल्य वेळ देऊन ज्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केली, त्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
तुकाराम विठोजी साबणे